पडद्याकडे पाठ

गंगाखेडला मी ज्यांच्या घरात भाड्यानं राहत होते, ते काका टीव्हीकडे पाठ करून बसायचे. टीव्ही त्यांचाच होता. परभणीच्या दुकानदाराला पुरतं जेरीस आणून त्यांनी तो निवडला होता आणि त्याच्यासाठी गच्चीवर विजेच्या खांबाएवढा पाईप उभा केला होता. पण संध्याकाळच्या बातम्या लागल्या की काका खुर्ची फिरवायचे आणि पडदा पाठीमागे टाकून आमच्याकडे तोंड करून बसायचे. आम्ही म्हणजे काकू आणि मी. आम्ही पडदा बघायचो आणि काका आमची तोंडं बघायचे.

"बाई, काय दिसायलंय?" ते मधूनमधून विचारायचे.

"कुठल्यातरी मंत्र्याचं उद्घाटन चाललंय, काका."

"मग ठीक हाय."

तेव्हा मी नुकतीच मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायला लागले होते. माहेर चारठाण्याचं, घराबाहेर राहायची पहिलीच वेळ. वडील खोली बघायला आले, तेव्हा काकांनी ना जात विचारली ना भाड्याचं काढलं. म्हणाले, "स्टोव्ह पंपाचा हाय का वातीचा?"

"पंपाचा," वडील म्हणाले.

"मग न्हाई जमायचं. पंपाचा भडकतो."

वडील निमूटपणे बाजारात जाऊन वातीचा स्टोव्ह घेऊन आले, तेव्हा कुठं खोली मिळाली. तरी रोज निजण्याआधी काका माझ्या दाराशी येऊन रॉकेलचा वास येतो का ते बघायचे. बुटात विंचू असेल म्हणून बूट काठीनं उलटे करायचे. आभाळात बोटभर ढग दिसला की घराचा फ्यूज काढून ठेवायचे, मग भर दुपारी पंख्याविना आम्ही घामाघूम झालो तरी बेहत्तर. काकू वैतागल्या की ते एवढंच म्हणायचे, "झाल्यावर बोलून काय फायदा?"

जन्मभर एसटीत कंडक्टर होते. पुलावरून पाणी चाललं असलं की हे घंटीच द्यायचे नाहीत. ड्रायव्हर तयार, प्रवासी शिव्या देतायत, आणि काका दोरी मुठीत धरून उभे. पाणी उतरेपर्यंत गाडी जागची हलायची नाही. सगळ्या डेपोत त्यांना भित्रा कंडक्टर म्हणायचे.

काकूंनी मला एकदा निराळीच हकीकत सांगितली. विद्यापीठाच्या नामांतरावरून दंगल पेटली त्या दिवसांतली. काकांची गाडी पालमकडून येत होती. दूरवर कुठल्यातरी गावातून धूर निघत होता. रस्त्यात काठ्या घेतलेली माणसं आडवी झाली आणि गाडीत कोण कोण आहे ते विचारू लागली. मागच्या बाकावर एक बाई लेकरांना पोटाशी धरून बसली होती. तिच्या गावातली दलित वस्ती आदल्या दिवशी जाळली होती. काकांनी तोंडाला रुमाल बांधला आणि दारात उभे राहिले. "मागं कॉलऱ्याची बाई हाय," म्हणाले, "लेकरालाबी लागलंय. दवाखान्यात न्यायलोय. बघायचं तर चढा वर." कुणी चढलं नाही. गाडी गंगाखेडला आली. बाई उतरून गेली. मग काका स्टँडच्या भिंतीला धरून कितीतरी वेळ ओकत राहिले.

"तवापासून आतून कुलूप लावायलेत," काकू म्हणाल्या. "आन किल्ली उशाखाली."

अशा माणसाचा एकुलता एक मुलगा, बापू, बापाला न सांगता फौजेत भरती झाला होता. ट्रक चालवायचा. मी त्याला एकदाच पाहिलं होतं, दिवाळीच्या सुट्टीत. उंच, कमी बोलणारा, बारीक कापलेल्या केसांमुळे कान बाहेर आलेले. माझ्या खोलीतला गेलेला बल्ब त्यानं बदलून दिला होता. ती सुट्टी संपवून तो गेला आणि पुढच्या वर्षी त्याची तुकडी लंकेत गेल्याचं कळलं. मग पत्रं यायची थांबली.

कुणीतरी स्टँडवर काकांना सांगितलं, "टीव्हीत फौज दाखवायलेत की. इमानातून उतरायलेली पोरं दिसतात, तोंडासगट."

 दुसऱ्या दिवशी काका मला म्हणाले, "बाई, रविवारी परभणीला चला. टीव्ही घ्यायचाय. शिकलेलं मानूस सोबत पायजे."

दुकानदारानं आधी रंगीत संच लावून दाखवला. काकांनी विचारलं, "यात रगत कसं दिसतं?"

दुकानदार हसला. "लाल दिसतं की, काका. एकदम खरं."

"मग नको. काळा-पांढरा दाखवा."

त्यानं छोटा संच काढला. पडद्यावर शेतीच्या कार्यक्रमातला कुणी माणूस बोलत होता. काकांनी खिशातून पाकीट काढलं, त्यातून बापूचा वर्दीतला फोटो काढला आणि पडद्यावरच्या त्या माणसाच्या चेहऱ्याशेजारी धरला. दुकानातले लोक बघू लागले. काका वाकून एकदा फोटोकडे, एकदा काचेकडे बघत होते.

"तोंड या फोटोएवढं तरी दिसलं पायजे," ते म्हणाले. "याच्यात लहान व्हायलंय. मोठा काढा."

दुकानदाराचं हसणं थांबलं. त्यानं सगळ्यात मोठा काळा-पांढरा संच वर ठेवला, बटणं फिरवून चित्र नीट केलं आणि हळूच म्हणाला, "यात वळखू येईल, काका."

एसटीच्या मागच्या बाकावर तो संच दोन्ही हातांनी कवटाळून काका गंगाखेडपर्यंत आले. दुकानदारानं जाताजाता सांगितलं होतं की आतली काच जपा, फुटली तर बॉम्बसारखी फुटते. ते सांगायला नको होतं. बंद असताना त्या टीव्हीवर काकांनी गोधडी घातली, आणि घरात कुणी जोरात दार लावलं तरी ते दचकून आधी गोधडीकडे बघायचे.

अँटेना बसवायला परभणीहून माणूस आला. त्यानं गच्चीवर चढून पाईप फिरवायचा, काकांनी अंगणात दोरी धरून उभं राहायचं आणि आम्ही आतून ओरडायचं, असा कार्यक्रम सकाळभर चालला. काका काही गच्चीवर चढले नाहीत. गच्चीला कठडा नव्हता.

"आलं का?" वरून तो ओरडायचा.

"न्हाई! आलं... आलं... गेलं!"

शेवटी मुंग्या मुंग्या दिसणाऱ्या पडद्यातून एका बाईचा चेहरा वर आला. काकू टाळ्या वाजवायला लागल्या. काका आत आले, पडद्याकडे न बघताच त्यांनी खुर्ची फिरवली आणि मला म्हणाले, "बाई, रोज या वक्ताला तुमी हितं यायचं. आधी तुमी बघायचं."

"मी का काका? तुम्ही बघा ना."

"घरच्या मानसानं आधी बघू नये. तुमाला दिसलं तर तुमी सांगू शकाल. मला दिसलं तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

मी हो म्हणाले. आपण काय कबूल केलं ते मला त्याच संध्याकाळी कळलं. बातम्यांची धून सुरू झाली आणि मी पडद्याजवळ सरकून बसले. मला ज्याला शोधायचं होतं त्याला मी आयुष्यात एकदाच पाहिलेलं. बंदुका घेतलेली पोरं झाडीतून चालताना दिसायची, ट्रकच्या मागं बसलेली दिसायची, एखाद्या क्षणापुरतं एखादं तोंड कॅमेऱ्याकडे वळायचं आणि जायचं. हा का? हा नसेल. हा असता तर ओळखलं असतं का? आणि हे सगळं चालू असताना काका हातभर अंतरावरून माझ्या चेहऱ्याकडे बघत बसलेले. मी चेहरा अगदी कोरा ठेवायला शिकले. तर एक दिवस म्हणाले, "बाई, तोंड आसं दगडावानी करू नका. मला लय भ्या वाटतं."

शाळेत आठवीच्या वर्गात फळ्यावर भारताचा नकाशा काढताना खालचं ते बेट काढायला माझा हात धजेना. मी नकाशा कन्याकुमारीलाच थांबवायची. एका मुलीनं विचारलं, "बाई, लंका राहिली." मी खडू तिच्या हातात दिला.

मग ती संध्याकाळ आली. दिवसभर वारा होता. बातम्यांत विमानतळ दाखवला, जखमींना उतरवत होते. एक स्ट्रेचर कॅमेऱ्याच्या अगदी जवळून गेलं. त्यावरच्या पोराचं डोकं आणि अर्धं तोंड पट्ट्यांनी झाकलेलं. एक हात खाली लोंबत होता. पट्टीच्या बाहेर फक्त कान दिसत होता. बाहेर आलेला, मोठा कान. मी पुढं वाकले आणि तेवढ्यात चित्र उभं-आडवं फिरायला लागलं. मग नुसत्या मुंग्या.

"बाई, काय दिसलं?"

मी मुंग्यांकडेच बघत होते.

"बाई, तुमचं तोंड आसं कामून झालं?"

"काका, चित्र गेलं," मी म्हणाले. "एक पोरगा होता. पट्ट्या होत्या. नीट दिसलं नाही."

काका उठले. आम्हाला वाटलं ते पडद्याकडे वळतील. ते दारातून बाहेर गेले, भिंतीला लावलेली शिडी धरली आणि अंधारात गच्चीवर चढले. आम्ही काही म्हणायच्या आत वरून पाईप करकरल्याचा आवाज आला.

"आलं का?" ते ओरडले.

"नाही काका! खाली या!"

"आता? आलं का?"

"नाही!"

वारा त्यांचा आवाज तोडत होता. पाईप फिरत होता, पडद्यावरच्या मुंग्या इकडून तिकडं सरकत होत्या. आणि मग वरून ऐकू आलं, "आला का? बाई, आला का?"

काकू उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं आणि त्या खालीच बसल्या. चित्राला कुणी 'आला' म्हणत नाही.

पडदा स्वच्छ झाला तेव्हा उत्तरेकडच्या थंडीची बातमी लागली होती. मी अंगणात जाऊन ते सांगितलं. तरी काका पाईप सोडेनात. शेवटी शेजारच्या दोघांनी वर जाऊन त्यांना धरून खाली आणलं. त्यांचे हात गंजानं लाल झाले होते. ते माझ्यासमोर उभे राहिले.

"कान तरी बघितला का तुमी?"

"बघितला, काका."

"मग?"

"नाही सांगता येत," मी म्हणाले. आणि खरंच नव्हतं येत.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं ते परभणीला गेले आणि चित्र खेचणारा बूस्टर, आणखी लांब पाईप आणि जाड तार घेऊन आले. त्यांना वाटत होतं, तीच बातमी परत दाखवतील. ती परत दाखवली नाही. पण त्या दिवसापासून काका बातम्यांच्या वेळी घरात थांबलेच नाहीत. बिनकठड्याच्या त्या गच्चीवर पाईपाला धरून उभे राहायचे, वाऱ्यानं हलू नये म्हणून. एकदा भलत्याच दिवसांत आभाळ भरून आलं, दूर नदीच्या अंगाला वीज चमकायला लागली. काकू अंगणातून हात जोडून विनवत होत्या. बोटभर ढग दिसला की फ्यूज काढणारा माणूस लोखंडी पाईप दोन्ही हातांनी धरून वर उभा होता आणि खाली मी पडद्यासमोर एकटी बसले होते. कशाची भीती आधी घ्यावी, मला कळत नव्हतं.

आर्मीच्या ऑफिसकडून काही येत नव्हतं. पोस्टमन गल्लीत शिरला की काकू मोरीत जाऊन पाणी सोडायच्या, त्याची सायकल ऐकू येऊ नये म्हणून. काकांनी फोटो पाकिटात ठेवणं बंद केलं. तो टीव्हीवर, गोधडीखाली ठेवला.

बापू आला तो दुपारी. स्टेशनवरून चालत, खांद्यावर पत्र्याची ट्रंक घेऊन. अंगानं निम्मा झालेला, डोळे पिवळे. मी शाळेतून जेवायला आले होते, तेव्हा तो अंगणात उभा होता आणि काकू त्याला धरून आवाज न करता रडत होत्या. काका घरातून आले. त्यांनी त्याला जवळ घेतलं नाही. आधी त्याची मान वळवून एक कान बघितला, मग दुसरा.

"इमानातून पट्ट्या बांधून उतरवलं, ते तू न्हवं?"

"कधी?" बापू म्हणाला. "न्हाई, बाबा. मला काविळीनं मद्रासच्या दवाखान्यात टाकलं हुतं."

काकू हसायला लागल्या, रडतारडता. मीसुद्धा. काका मात्र तसेच उभे होते.

"मग ते कुणाचं लेकरू हुतं?" ते म्हणाले.

 त्या संध्याकाळी काकांनी पुन्हा मला बातम्यांना बोलावलं, खुर्ची फिरवली आणि पडद्याकडे पाठ करून बसले.

बापू बरा होऊन परत गेला, पण लंकेत नाही. फौज माघारी आली, वर्षभरात तोही नोकरी सोडून कायमचा घरी आला. तो अंगानं धड होता. पण ट्रक काय, शेजाऱ्याची जीपसुद्धा चालवायला तयार नव्हता. शेतात जायचा, यायचा. एका रविवारी घरात गल्लीतली पोरंटोरं सिनेमा बघायला जमली होती. पडद्यावर गोळीबार सुरू झाला आणि बापू दिसेनासा झाला. तो पलंगाखाली होता, तोंड जमिनीला लावून. पोरं हसायला लागली. काकांनी पोरांना काही म्हटलं नाही. ते उठले, टीव्हीचा आवाज पार बंद केला आणि ते बटणच उपसून खिशात घातलं.

त्यानंतर त्या घरात टीव्ही मुकाच चालला. आणि काकांनी खुर्ची फिरवली ती आता पडद्याकडे. आवाज नाही म्हणून ते स्वतःच बोलायचे. पडद्यावर कुणी पिस्तूल रोखलं की काका सांगायचे, "ह्यो म्हनायलाय, हे बिघडलंय, दुरुस्तीचं दुकान कुठं हाय?" समोरच्यानं हात वर केले की, "त्यो म्हनायलाय, मला न्हाई ठावं, वरल्या आळीत बघा." मारामारी म्हणजे लग्नातला मानपान. बातम्या म्हणजे ऊस बरा आलाय, पाणी भरपूर हाय, सगळीकडं ठीक हाय. बापू शेंगा सोलत ऐकायचा. कधी हसायचा, कधी नाही.

पुढं त्यांनी रंगीत संच घेतला तेव्हा माझं लग्न होऊन मी परभणीला राहायला गेले होते. दुकानात त्यांनी रक्ताचं विचारलंच नाही म्हणे. रिमोटवर एका बटणात आवाज जातो एवढं कळल्यावर त्यांनी दुसरा संच बघितला नाही. रिमोट त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असायचा, फौजेतल्या लेकाच्या फोटोसारखा.

विद्यापीठाच्या नावाचा निर्णय झाला त्या संक्रांतीला मी लहान मुलीला घेऊन गंगाखेडला गेले होते. दुपारनंतर एसटी बंद झाल्या. स्टँडवर कुजबुज, दुकानांची शटरं पटापट खाली यायला लागली. कुणी म्हणे अमक्या गावात पेटलं, कुणी म्हणे तसं काही नाही. मी मुलीला कडेवर घेऊन काकांच्या घरी गेले. त्यांनी मला आत घेऊन कुलूप लावलं.

संध्याकाळी बातम्या लागल्या. पडद्यावर निवेदक बोलत होता, लोकांची गर्दी दिसत होती, आणि काका म्हणत होते, "म्हनायलाय, यंदा तीळ सोस्त झाला. लोकं तीळगूळ घ्यायला जमलेत."

"काका," मी म्हणाले, "मला लेकराला घेऊन घरी जायचंय. बाहेर काय चाललंय ते मला ऐकू द्या."

"तुमी हितंच ऱ्हावा. आठवडाभर ऱ्हावा. काय कमी हाय?" त्यांचा हात खिशावर गेला. 

बापू भिंतीशी बसला होता. तो उठून काकांसमोर आला आणि त्यानं हात पुढं केला. "रिमोट द्या, बाबा. बाईला ऐकायचंय."

"उगं कशाला?"

"द्या."

काकांनी दिला. बापूनं बटण दाबलं आणि इतक्या वर्षांनी त्या घरात परक्या माणसाचा आवाज आला. निवेदक निर्णयाबद्दल सांगत होता, शांतता राखा म्हणत होता. साधाच आवाज, पण आम्ही सगळे अंग आखडून ऐकत होतो. माझी मुलगी माझ्या मानेला घट्ट बिलगली होती.

तेवढ्यात बाहेर, वस्तीच्या बाजूला, धडाधड आवाज सुरू झाले. एक, मग लागोपाठ कितीतरी.

काका खुर्चीतून उठले कधी ते मला दिसलंच नाही. ते बापूपाशी पोचले होते आणि त्यांनी टाचा उंच करून त्याचे दोन्ही कान आपल्या तळव्यांनी झाकले होते. डोळे गच्च मिटलेले. बापूच्या कपाळावर घाम होता, पण तो जागचा हलला नव्हता.

"फटाके हायत, बाबा," तो म्हणाला. "खुशीचे फटाके हायत. ऐका."

"व्हय, व्हय," काका म्हणाले. पण त्यांनी हात काढले नाहीत. बाहेर फटाके वाजत राहिले, आणि बापाच्या टाचा टेकाव्यात म्हणून बापूनं मान थोडी खाली केली.